लांब शिवलेले पट्टे

६ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. रविवारी फोन केला होता. तुम्ही तिकडून "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणत राहिलात, मी इकडून घसा फोडत राहिले. शेवटी शेजारच्या बाई दारात येऊन विचारायला लागल्या, "सगळं ठीक आहे ना?" तेव्हा फोनचा नाद सोडला. कानात यंत्र घालायला सांगितलं की तुम्ही म्हणता, आयुष्यभर शिलाई मशीनची खडखड ऐकली, आता शांतता मिळालीय तर मिळू दे. मग घ्या, वाचा पत्रं.

बातमी अशी की मास्तरांच्या डोक्यात डोंगर शिरलाय. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत आठवडाभर डोंगरात जायचं ठरतंय. तुमचे जावई सुट्टीलाही पीटीचा तास समजतात, हे तुम्हाला सांगायला नको. फ्रिजवर कागद चिकटवलाय: सकाळी चालणं, मग ओढ्यातून उलटं वर जाणं, दोरीचा पूल, सायकली, आणि एक दिवस खिंडीपर्यंत चढाई. मी म्हटलं, ही सुट्टी आहे की शिक्षा? मुलांच्या वॉर्डात महिनाभर रात्रपाळी केलेल्या बाईला आठवडाभर झोपू द्या, तेही डोंगरच आहे. पण टिटवी आत्तापासून बूट घालून घरभर फिरतेय. सात वर्षांची झाली, तोंडाला अजून क्षणाची विश्रांती नाही.

प्रश्न आहे बोक्याचा. मे महिन्यात अडीच वर्षांचा होईल. मर्जी असेल तोवर चालतो, मर्जी फिरली की वाटेत बसकण मारतो. बाजारात मुलाला पाठीवर घ्यायच्या बॅगा मिळतात. एक घालून पाहिली, तर दुकानातच वरून निसटून बाहेर. तेव्हा तुम्हीच काहीतरी शिवा. तंबू आणि गाड्यांचे हूड शिवणाऱ्याला एक बोका जड नाही.

आणि तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. दोन खोल्या सांगून ठेवल्यात. येता का?

तुमची
सुई


१५ फेब्रुवारी

चि. सुईला आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण तुझं अक्षर डॉक्टरांच्या संगतीत बिघडलंय.

माझ्या येण्याचं म्हणशील तर नको. मी म्हातारा माणूस, तुमच्या पायात पायात येईन. तुम्ही तरणीताठी माणसं, मास्तर तर काय, घसरगुंडीवरून उलटे चढतील. माझ्यासाठी सगळ्यांनी सावकाश चालायचं आणि वर "बाबा, दमलात का?" म्हणून विचारत बसायचं, हे बरं नाही. तुम्ही चौघं जाऊन या.

झोळी मात्र शिवतो. हिरवं कॅनव्हास आहे, तंबूतलं उरलेलं. बोक्याचं वजन, मांडीचा घेर आणि बसल्यावर बुडापासून मानेपर्यंतची उंची कळव. मापं झोपेत घे. जागेपणी घेतलीस तर टेपच खाईल.

आणि एक असंच विचारतो. ती खिंडीची वाट रुंद आहे का? चढ अंगावर येणारा आहे की वळणावळणाचा? मधे टेकायला जागा असते ना? पोरांना घेऊन निघायचं तर दिवस वर यायच्या आत निघावं लागेल, ते मास्तरांनी कागदावर लिहिलंय का? काही काम नाही, झोळीला अंदाज असावा म्हणून विचारलं.

बाकी ठीक.

बाबा


२४ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

तुमचं "नको" पोचलं. खरं सांगू? थोडं वाईट वाटलं. टिटवीने तर तुमच्या शेजारी झोपायचं हे परस्पर ठरवूनही टाकलं होतं. पण आपल्या घरात एकदाच विचारायचं, हा तुमचाच कायदा. पाहुणा "पुरे" म्हणाला आणि आई तरीही पुन्हा वाढायला गेली, की तुमचे डोळे मोठे व्हायचे. "नको म्हणाला ना माणूस? मग नको. आग्रह म्हणजे छळ." आम्ही भावंडं तेच शिकून मोठी झालो. सासरी पहिल्या वर्षी मी सगळ्यांना एकदाच विचारायचे, तर सासूबाई म्हणाल्या, पोरगी चांगली आहे पण हात आखडता आहे!

तेव्हा कायदा मोडत नाही. दुसरी खोली सोडून दिली.

मापं वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलीत, बरोबर ठेवतेय. झोपेत मापं घेऊनही बोका जागा झाला आणि टेपचं टोक त्याने खाल्लंच. वाट रुंद आहे, वळणावळणाची. मधे दोन ठिकाणी दगडी बाकं आहेत म्हणे. मास्तरांनी तुमचे प्रश्न वाचले आणि म्हणाले, "बघ, बाबांना किती काळजी! मी काय मुलांना कड्यावरून ढकलणार आहे?" काळजी करू नका हो. आम्ही जपून जाऊ.

सुई


१२ मार्च

चि. सुईला आशीर्वाद.

झोळीचं बेतून झालं. बसायच्या जागेला दुहेरी कॅनव्हास घातलंय, मांड्यांना काचू नये म्हणून कडेला मऊ अस्तर. वरून निसटू नये म्हणून छातीशी आडवा पट्टा. आता बोक्याने निसटून दाखवावं.

मी आजकाल सकाळी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जातो. आधी अर्ध्यात बसायचो. आता वरपर्यंत जातो, आणि परवा वर उभा राहिलो तर दमसुद्धा लागला नव्हता. मोकळ्या पाठीने चढणं मला आवडत नाही म्हणून एक पिशवी घेतो, पाणी वगैरे. डाव्या खांद्यावरून ती घसरतेच. तुला माहीत आहे तो खांदा, तरुणपणी कापडाचे तागे वाहून खाली पडला तो पडलाच. बुटांना नवे तळ लावून घेतले. गुडघा काही म्हणत नाही. हे आपलं सहज सांगतोय.

दुसरी खोली सोडलीस ते बरं केलंस. उगाच अडकून कशाला ठेवायची. पण समजा ऐन वेळी कुणी यायचं म्हटलं, म्हणजे मास्तरांच्या घरचं वगैरे, तर मिळेल का तिथे जागा? नाहीतर मे महिन्यात गर्दी असते. म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात एक गादी टाकली तरी चालते, तशी काही अडचण नसते.

बाबा


२२ मार्च

प्रिय बाबा,

हसू आलं वाचून. तुमचं आपलं भलतंच! मास्तरांच्या आई डोंगरात? त्यांना दोन पायऱ्या चढायच्या तरी कपाळावर आठ्या पडतात. कुणी येणार नाही, निर्धास्त राहा. कोपऱ्यात गादी टाकायची वेळ आली तर ती माझ्यासाठी, कारण टिटवी झोपेत लाथा मारते.

तुम्ही टेकडीवर जाता हे मात्र फार छान. साखर आटोक्यात राहील. वॉर्डात सगळ्यांना सांगितलं की माझे बाबा ह्या वयात रोज टेकडी चढतात, तर मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना इकडे पाठवा, आमच्या अर्ध्या डॉक्टरांना घेऊन जातील. फक्त पडू नका म्हणजे झालं. मी इतक्या लांब.

झोळी एप्रिलच्या मध्यापर्यंत मिळाली तर बोक्याला तिची सवय करता येईल. घाई नाही, पण घाई आहे.

सुई


९ एप्रिल

चि. सुईला आशीर्वाद.

झोळी आज पोस्टाने पाठवली. थोडा उशीर झाला. शिवून कधीच झाली होती, पण म्हटलं राहू दे आणखी दोन दिवस, काही दुरुस्ती निघाली तर. निघाली नाही.

टेकडीवर जाणं सध्या बंद केलंय. ऊन फार होतं.

बाबा


२० एप्रिल

प्रिय बाबा,

झोळी मिळाली! काय शिवलीय हो! टाका म्हणून दिसत नाही. बोका आत बसला आणि बाहेर यायला तयार नाही, जेवण झोळीत, दूध झोळीत. टिटवीने सांगितलं, "ही आजोबांची आहे," तर तो आता झोळीलाच "आजोबा" म्हणतो. सकाळी उठला की "आजोबावर बसायचं."

पण बाबा, रागावणार नसाल तर एक सांगते. माप चुकलं तुमचं. मास्तरांनी पाठीवर घेतली तर बोका त्यांच्या कमरेच्याही खाली लोंबायला लागला, चालताना पोटऱ्यांना लाथा. पट्टे आवळून आवळून संपले तरी लांबच. नाकापेक्षा मोती जड! तुमचे जावई उंचीला कसे आहेत ते लग्नात बघितलंत की, मी टाचा नसलेल्या चपला घातल्या होत्या आठवतंय ना? मग माझ्या लक्षात आलं, तुम्ही बोक्याची सगळी मापं मागितलीत, पण जो उचलणार त्याचं माप मागितलंच नाहीत. इतकी वर्षं गिऱ्हाईकाला पायापासून डोक्यापर्यंत मोजणारा माणूस! आणि डाव्या पट्ट्यात कापूस जास्त भरला गेलाय, उजव्यात कमी. म्हणजे बघा.

मी पट्टे वीतभर कापून, दुमडून शिवून टाकले. आता छान बसते. तुम्ही हसाल माझ्या टाक्यांना. पण डोळे तपासून घ्या बाबा. मी गंमत करत नाही. तुमच्या हातून अशी चूक मी कधी पाहिली नव्हती.

सुई


२७ एप्रिल

चि. सुईला आशीर्वाद.

हो, चुकलं खरं. वय झालं आता. मास्तरांचं माप घ्यायचं सुचलंच नाही. त्यांना म्हणावं, राग मानू नका.

कापलेले तुकडे टाकू नकोस. शिंप्याच्या घरात पट्टा टाकत नाहीत.

जपून जा. बोक्याला ओढ्याच्या काठी सोडू नका. टिटवीला सांग, उतरताना पाय आडवे टाकायचे.

बाबा


मे, तारीख माहीत नाही, सुट्टीचा चौथा दिवस

आजोबा,

मी टिटवी. आई म्हणाली आज तूच लिही, मी पाय वर करून पडणार आहे.

इथे खूप डोंगर आहेत. आम्ही ओढ्यातून चाललो, माझा एक मोजा वाहून गेला. बाबा म्हणाले तो आता समुद्रात जाईल. काल दोरीचा पूल होता. तो हलतो. बाबांनी विचारलं जायचं का, मी नको म्हणाले. मग त्यांनी परत विचारलं, मी नको म्हणाले. मग परत विचारलं, तेव्हा मी गेले. मला पहिल्यांदाच जायचं होतं पण मी नको म्हणाले. पलीकडे गेल्यावर मी ओरडले आणि डोंगरातून माझाच आवाज आला.

बोका तुमच्या झोळीत बसतो. त्याला खिंडीत जायचं होतं तर तो झोळीला म्हणत होता, आजोबा चला, आजोबा चला. सगळे लोक हसले. बाबांचा डावा खांदा दुखतो, तिथली उशी मोठी आहे. आई रोज मलम लावते.

खिंडीतून पलीकडचे डोंगर दिसतात, ते निळे आहेत. एक आजोबा तिथे काठी घेऊन आले होते. ते तुमच्यापेक्षा म्हातारे होते. मी आईला म्हटलं आपले आजोबा का नाही आले, ती म्हणाली ते नको म्हणाले.

तुम्हाला आईने किती वेळा विचारलं?

टिटवी


१४ जून

बाबा,

चार दिवस झाले, हे पत्र लिहायला घेते आणि ठेवून देते.

सुट्टी छान झाली. मुलं काळी ठिक्कर पडून आलीत. हे सगळं नंतर सांगेन. आधी दुसरंच सांगायचंय.

मास्तरांच्या डाव्या खांद्याला वळ उठला होता, म्हणून गेल्या आठवड्यात मी झोळीचा डावा पट्टा उसवायला घेतला, म्हटलं जास्तीचा कापूस काढून टाकावा. उसवला आणि हात तिथेच थांबला. चुकून जास्त भरलेला कापूस गोळा होऊन बसतो, हे मला तुम्हीच शिकवलंय. हा गोळा नव्हता. थरावर थर होते, आणि प्रत्येक थराला हातशिलाईच्या बारीक ओळी. बाहेरच्या कडेला जाड, मानेकडे उतरता. असा कापूस मी आधी एकाच ठिकाणी पाहिलाय. तुमच्या कोटाच्या डाव्या खांद्यात. आई असायची तेव्हा ती भरायची, तुमचा तो खांदा कोटात सरळ दिसावा म्हणून.

मग मी कापलेले तुकडे ट्रंकेतून काढले. पट्ट्याला लावून बघितले. दारामागे तुमची जुनी खाकी पिशवी असते ना, तुम्ही मला कॉलेजात दिलेली, तिचे पट्टे तुमच्या मापाचे. त्यांच्याशी ताडून बघितले. तंतोतंत.

बाबा, ही झोळी कुणाच्या मापाची होती?

मी तुमची सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. टेकडी. बुटांचे तळ. कोपऱ्यातली गादी. आणि मी काय उत्तर दिलं, तर मास्तरांच्या आईचं! वॉर्डात मूल औषधाला नको म्हणतं, तर मी शंभरदा विचारते, गोडीगुलाबीने विचारते, पाळी संपली तरी विचारत बसते. आणि स्वतःच्या बापाला एकदा विचारून खोली सोडून मोकळी झाले. वर तुम्हाला डोळे तपासायला सांगितलं. त्या वाक्याची मला इतकी लाज वाटते की विचारू नका.

आईला ठाऊक होतं. तुमच्यासमोर ती कायदा पाळायची, आणि मग स्वयंपाकघरात जाता जाता वळून हळूच म्हणायची, "खरंच नको ना?" आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणायचात, "आता म्हणतेसच, तर…" मी हे रोज पाहिलंय. मी फक्त कायदा उचलला, आईचा तो दुसरा प्रश्न उचलायला विसरले.

तर आता विचारते. थंडी सुरू झाली की आपण सगळे पुन्हा जाऊ. मास्तरांना सांगितलंय, त्यांचा होकार आहे. तुम्ही चला. खरंच नको? आणि तुम्ही नको म्हणालात तरी पुन्हा विचारणार आहे. चला ना, बाबा.

सुई


१९ ऑगस्ट

चि. सुईला आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तू दोन पत्रं आणखी पाठवलीस तीही मिळाली. रागावू नकोस. मधे थोडे दिवस दवाखान्यात होतो. तुला कळवू नको म्हणून शेजाऱ्यांना मीच सांगितलं होतं, तुझ्या पाळ्या, मुलांच्या शाळा, कशाला धावपळ. जुलैपासून चालताना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप नीट मिटत नाही. आता गोळ्या आहेत. घरातल्या घरात हिंडतो, मशीनवर बसतो. चढ बंद. जिनासुद्धा थांबत थांबत.

तेव्हा ह्या वेळचं "नको" माझं नाही, डॉक्टरांचं आहे. त्याला आग्रह चालत नाही.

झोळीचं तू उगाच मनाला लावून घेतलंस. ती मास्तरांच्याच मापाची शिवायची होती. हात सवयीने चालतो, सवयीने डाव्या बाजूला कापूस जास्त भरला गेला. म्हातारपणी असं होतं. पट्ट्यांचंही तसंच. तू त्यातून भलतं काही काढू नकोस.

झोळी आता बोक्याला लहान होत असेल. पाठवून दे, उसवून त्याला पाठीवर टाकायची छोटी पिशवी शिवून देतो. पुढच्या वेळी स्वतःचं पाणी स्वतः नेईल.

टिटवीचं पत्र मी मशीनसमोर भिंतीला लावलंय.

बाबा


५ सप्टेंबर

बाबा,

तुम्ही दवाखान्यात होतात आणि मला कळवू नको म्हणून सांगितलंत. मी नर्स आहे! इथे दुसऱ्यांची मुलं सांभाळते आणि बाप तिकडे खाटेवर एकटा. ह्यावर समोर आल्यावर भांडेन, पत्रात जागा पुरणार नाही.

कापूस सवयीने भरला जातो, मान्य. पट्टे सवयीने वीतभर लांब होत नाहीत. बैल गेला आणि झोपा केला, तसं झालंय माझं, ते मला कळतं. तुम्ही माझी समजूत घालू नका.

झोळी उसवायला देणार नाही. मी कापलेले तुकडे परत जोडलेत. डाव्या पट्ट्यात कापूस जसा होता तसा भरला, तुमच्याच टाक्यांच्या भोकांतून दोरा ओवून. जोड दिसतो. मी दाभणाने दुहेरी शिवलंय, तरी दिसतोच.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चौघं तुमच्याकडे येतोय, आठ दिवस. विचारत नाही, कळवतेय. दोन गाद्या काढून ठेवा. नाही तर राहू दे, तुम्ही काही उचलू नका, आम्ही आल्यावर काढू.

सुई


११ नोव्हेंबर

चि. सुईला अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. कापायच्या टेबलाखाली टिटवीचा एक मोजा सापडला. हाही समुद्रातच निघाला होता वाटतं. टपालाने पाठवतो.

मी बोलण्यात कच्चा, तू समोर असताना जमलं नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी दुपारी तू झोळी माझ्या पाठीला बांधलीस. मी नको म्हणालो. तू म्हणालीस, "खरंच नको?" अगदी तुझ्या आईसारखं, वळून. मग मी हात पुढे केले. पट्टे बरोबर बसले. डावा खांदा कुठे घसरला नाही. जोड बोटाला लागत होता, पण त्याचं काही नाही, जोड मजबूत आहे. तू बोक्याला आत बसवलंस आणि मी टेबलापासून खिडकीपर्यंत चाललो. मास्तर बाजूने हात धरून होते, टिटवी पुढे चालत "इथे दगड आहे, इथे ओढा आहे" म्हणून सांगत होती. खिडकीशी पोचलो तर बोका कानाशी म्हणाला, "आजोबा, चला." पुढे भिंत होती. मी म्हटलं, पोचलो रे राजा, हीच खिंड. त्याला पटलं नाही. तो आणखी दोनदा म्हणाला, चला.

तुम्ही सगळे हसलात. तूही हसलीस, पण कपाटाच्या आरशात मला तू दिसत होतीस. तू मागून वाकून दोन्ही हातांनी त्याला खालून उचलून धरलं होतंस. माझ्या पाठीवर वजन नव्हतंच, सुई. तुला वाटलं बाबांना कळणार नाही.

मला ते वजन माहीत आहे. तू बोक्याचं वजन कळवलंस त्याच आठवड्यात मी जुन्या कॅनव्हासची पिशवी शिवली, तेवढी वाळू मोजून भरली, आणि झोळी तयार होईपर्यंत रोज ती टेकडीवर नेली. पहिल्या दिवशी अर्ध्यात बसलो. पंधरा दिवसांत वरपर्यंत एका दमात जात होतो. वर उभा राहून त्या वाळूशी बोलायचोसुद्धा, तो बघ रस्ता, ती बघ टाकी. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तेव्हा ह्या पाठीला झेपत होतं. मी अगदी तुमच्याबरोबर चाललो असतो, मागे पडलो नसतो.

झोळी शिवून दोन दिवस घरात ठेवली ती दुरुस्तीसाठी नव्हे. म्हटलं, एखादं पत्र येईल. मी शिकवलेली मुलगी, तिने दुसऱ्यांदा का विचारावं? आपला नियम आपल्याच गळ्यात आला, त्यात तुझा दोष नाही. आणि मला तोंड होतं की. दोन शब्दांचं पत्र लिहायला काय लागतं? तेवढं मला ह्या वयापर्यंत कधी जमलं नाही. तुझी आई होती तोवर गरज पडली नाही.

बोका आता पाठीवर बसायचा नाही, त्याला चालू दे. झोळी तुझ्याकडेच ठेव. आणि मुलांना एकदा विचारून थांबत जाऊ नकोस.

मला यायचं होतं.

बाबा